समृद्धी महामार्ग : मेहकर, दुसरबीड की सिंदखेड राजा? कुठं चढायचं, कुठं उतरायचं आणि गावाच्या पदरात काय?

बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून समृद्धी महामार्ग गेला त्याला आता बरीच वर्षं होत आली. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा या चार तालुक्यांच्या शिवारातून सुमारे ८७ किलोमीटरचा हा रस्ता जातो. गाड्या दिवसरात्र पळतात. पण रस्त्याच्या दोन्ही अंगाच्या गावांत आजही तेच प्रश्न ऐकू येतात. आपल्या गावाहून चढायचं कुठून? लोणारला उतरायचं तर कोणतं इंटरचेंज? टोल किती कापला जातो? मोटारसायकल का चालत नाही? रस्ता वावराला लागून आहे, मग वावराचा भाव वाढला म्हणायचा का?

या प्रश्नांची उत्तरं एका ठिकाणी मिळावीत, म्हणून ही माहिती.

रस्ता नेमका कुठून कुठं?

नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून ठाणे जिल्ह्यात भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत हा महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाणा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, नाशिक आणि ठाणे अशा दहा जिल्ह्यांतून तो थेट जातो. रस्ता बांधला आणि चालवतं ते महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, म्हणजे एमएसआरडीसी.

तो एकाच दिवशी सुरू झालेला नाही. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. शिर्डी ते भरवीर २६ मे २०२३ रोजी, भरवीर ते इगतपुरी ४ मार्च २०२४ रोजी आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. आपला जिल्हा पहिल्याच टप्प्यात आला. त्यामुळे या रस्त्याचा फायदाही आपण आधी पाहिला आणि धक्केही आपणच आधी सोसले.

इंटरचेंज म्हणजे फाटा नव्हे

जुन्या रस्त्यावर दर दोन-चार किलोमीटरला फाटा असतो. फाट्यावर उभं राहून हात दाखवला की काळीपिवळी थांबते, एसटी थांबते, ओळखीचा ट्रकवालाही थांबतो. समृद्धीवर हे चालत नाही. दोन्ही बाजूंनी कुंपण किंवा भिंत आहे. आत शिरायचं आणि बाहेर पडायचं ते फक्त इंटरचेंजवरून. पूर्ण ७०१ किलोमीटरमध्ये अशी ठिकाणं दोन डझनांच्या आसपासच आहेत. म्हणजे सरासरीनं तीसेक किलोमीटरला एक.

आपल्या जिल्ह्यात ती तीन आहेत : मेहकर, दुसरबीड आणि सिंदखेड राजा. नागपूरकडून येताना मेहकरच्या आधी वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव लागतं, त्याच्याही आधी शेलू बाजार आणि कारंजा. मुंबईकडं जाताना सिंदखेड राजाच्या पुढचं इंटरचेंज जालन्याचं. ते निधोण्याजवळ आहे.

एक गोष्ट घरच्या चालवणाऱ्याला पक्की सांगून ठेवावी. उतरायचं इंटरचेंज हुकलं तर गाडी मागं घ्यायची नाही, दुभाजकातून वळवायचा प्रयत्न तर अजिबात नाही. सरळ पुढच्या इंटरचेंजवर जायचं, तिथं बाहेर पडायचं आणि परत फिरायचं. पंचवीस-तीस किलोमीटर जास्त पडतील, टोलही थोडा वाढेल. पण मागून ताशी १२० नं येणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर अंतर कापते. तुम्ही रिव्हर्सचा गिअर टाकेपर्यंत ती अंगावर आलेली असते.

मेहकर : तिघांत सगळ्यात जास्त गावांचं दार

मेहकर हे पैनगंगेच्या काठचं गाव. जुन्या काळापासून इथं चहूबाजूंचे रस्ते एकत्र येतात. त्यामुळे इथल्या इंटरचेंजवर उतरणाऱ्या सगळ्या गाड्या मेहकरसाठी नसतात.

मेहकर शहर, डोणगाव, जानेफळ आणि आजूबाजूच्या खेड्यांना हेच जवळचं. खामगावला जायचं असेल तर इथं उतरून जानेफळच्या बाजूनं सरळ रस्ता आहे. खामगावच्या पुढं शेगाव. गजानन महाराजांच्या दर्शनाला मराठवाड्याच्या किंवा वाशीमच्या बाजूनं येणारे बरेच भाविक हाच मार्ग धरतात. शेगाव ते पंढरपूर पालखीचा रस्ताही मेहकर, लोणार, मंठा असाच जातो. म्हणजे इथं समृद्धी आणि पालखी मार्ग एकमेकांना छेदतात. आषाढीच्या दिवसांत इथून उतरणाऱ्यांनी वेग आवरलेला बरा. खालच्या रस्त्यावर पायी चालणारे वारकरी असतात आणि महामार्गावरून आल्या आल्या पायातला वेग लवकर उतरत नाही.

नागपूरकडून लोणारला येणाऱ्यांसाठीही मेहकरच सोयीचं. उतरून सुलतानपूरमार्गे लोणार वीस-पंचवीस किलोमीटरवर येतं. चिखलीकडं आणि तिथून बुलडाण्याला जाणाराही रस्ता मेहकरहून फुटतो.

दुसरबीड : लोणारचं मागचं दार

दुसरबीड हे सिंदखेड राजा तालुक्यातलं गाव, जुन्या मेहकर-जालना रस्त्यावरचं. एरवी बाहेरच्या माणसाला हे नाव माहीत असायचं कारण नव्हतं. आता मुंबई, नाशिक, संभाजीनगरच्या लोकांना मोबाइलवर लोणार टाकलं की दुसरबीडचं नाव दिसतं.

कारण साधं आहे. पश्चिमेकडून येणाऱ्यानं मेहकरपर्यंत जाऊन मागं फिरण्यापेक्षा दुसरबीडला उतरून बीबीच्या बाजूनं लोणार गाठणं जवळचं पडतं. लोणारचं सरोवर उल्कापातानं तयार झालेलं, जवळपास पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं. २०२० मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत ते गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा सगळ्या देशात लोणारचं नाव झालं. आता रस्ताही झाला. बीबी, किनगाव राजा, दुसरबीड या गावांतल्या पोरांनी याचा विचार करायला हरकत नाही. मोठं हॉटेल काढायला सगळ्यांकडं पैसा नसतो. पण स्वच्छ संडास, प्यायचं पाणी, गरम भाकरी-पिठलं आणि गाडी लावायला जागा एवढं असलं तरी बायकापोरं घेऊन निघालेलं कुटुंब थांबतं. महामार्गावर मन मानेल तिथं थांबता येत नाही, म्हणून खाली उतरल्यावर आधी हेच शोधलं जातं.

सिंदखेड राजा : जिजाऊंचं माहेर, आणि देऊळगाव राजाचंही दार

राजमाता जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा, सिंदखेड राजाचा. दरवर्षी १२ जानेवारीला इथं राज्यभरातून लोक येतात. लखुजीराव जाधवांचा राजवाडा आणि समाधी पाहायला वर्षभरही सहली येत असतात. त्यांच्यासाठी हे इंटरचेंज सरळ कामाचं आहे. बारा जानेवारीच्या आदल्या रात्रीपासून मात्र इथं उतरणाऱ्या गाड्यांची गर्दी होते. त्या दिवशी दवाखान्याचं किंवा परीक्षेचं काम असलेल्यांनी दुसरबीडहून चढलं-उतरलं तर वेळ वाचेल.

देऊळगाव राजालाही हेच जवळचं. तिथलं बालाजी मंदिर, खडकपूर्णेचं धरण, संत चोखोबारायांचं जन्मगाव मेहुणा राजा, हा सगळा भाग या इंटरचेंजच्या टापूत येतो. देऊळगाव राजावरून पुढं चिखली आणि चिखलीवरून बुलडाणा किंवा खामगाव गाठता येतं.

या दोन तालुक्यांत शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडीसारख्या पिकांचं बियाणं घेणारे शेतकरी मोठ्या संख्येनं आहेत. बियाण्याच्या कंपन्यांचं मोठं केंद्र जालन्याला. कंपनीचा माणूस लवकर येतो, माल लवकर पोचतो, हा इथल्या शेतकऱ्याला मिळालेला खरा फायदा आहे. मात्र सिंदखेड राजा ते जालना हे अंतर तसंही जास्त नाही. एवढ्याशा अंतरासाठी टोल भरून वरून जायचं की जुन्या रस्त्यानं, हा हिशोब ज्याचा त्यानं करावा. तो कसा करायचा ते पुढं पाहू.

टोल कसा कापतात?

जुन्या नाक्यावर ठरावीक रक्कम असायची. तुम्ही दहा किलोमीटर गेला काय आणि शंभर गेला काय, पावती तीच. समृद्धीवर तसं नाही. चढताना नोंद होते, उतरताना किलोमीटर मोजून पैसे कापले जातात. जेवढं चाललात तेवढंच.

१ एप्रिल २०२५ पासूनचे दर असे लागू झाले :

- कार, जीप : किलोमीटरला २ रुपये ६ पैसे
- पिकअप, मिनी बससारखी हलकी व्यावसायिक गाडी : ३ रुपये ३२ पैसे
- बस किंवा दोन आसांचा ट्रक : ६ रुपये ९७ पैसे

म्हणजे शंभर किलोमीटरला कारचे २०६, पिकअपचे ३३२ आणि ट्रकचे ६९७ रुपये. पूर्ण नागपूर ते आमणे कारनं गेलं तर १,४४५ रुपये. आधी कारचा दर १ रुपया ७३ पैसे होता. दर अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी नाक्यावरचा फलक पाहावा.

त्याच तारखेपासून एमएसआरडीसीच्या नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. फास्टॅग नसेल किंवा त्यात पैसे नसतील तर दुप्पट टोल लागतो. गावात रेंज नसते आणि नाक्यावर गेल्यावर रिचार्ज होत नाही, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. घरून निघतानाच बॅलन्स पाहिलेला बरा.

आणखी एक गैरसमज. केंद्र सरकारनं १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास सुरू केला. तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांसाठी आहे. समृद्धी हा राज्याचा रस्ता आहे. तिथं हा पास चालत नाही, नेहमीसारखे पैसे कापले जातात. पास काढला म्हणून निर्धास्त राहू नये.

शेतमालाचा हिशोब : कधी वरून, कधी खालून?

समजा एका पिकअपमध्ये पंधरा क्विंटल भाजीपाला भरला आणि शंभर किलोमीटर वरून नेला. टोल ३३२ रुपये. म्हणजे क्विंटलला साधारण बावीस रुपये. गाडी रिकामी परत आली आणि तीही वरूनच आली तर क्विंटलला चव्वेचाळीस. किलोमागं चव्वेचाळीस पैसे झाले.

कोथिंबीर, टोमॅटो, फुलं असा माल असेल आणि पहाटेचा लिलाव गाठायचा असेल तर हे पैसे वसूल होतात. एक तास उशीर झाला तर भावात त्याच्या कितीतरी पट जातं. पण सोयाबीन, तूर, हरभरा असा टिकणारा माल असेल तर घाई कशाची? तो जवळच्या बाजार समितीत जुन्या रस्त्यानं नेला तरी काही बिघडत नाही. आणि गाडी अर्धी भरली असेल तर वरचा टोल किलोमागं दुप्पट होतो हे विसरू नये. गावातल्या दोघा-तिघांनी मिळून एक गाडी पूर्ण भरली तरच लांबच्या बाजाराचं गणित जमतं.

परत येताना गाडी रिकामी असेल आणि घाई नसेल तर खालच्या रस्त्यानं यावं, निम्मा टोल तिथंच वाचतो. भाडं ठरवताना टोल गाडीवाल्याकडं की मालवाल्याकडं, जाताना की दोन्ही वेळचा, हे आधी बोलून घ्यावं. भांडणं बहुतेक इथंच होतात.

मोटारसायकल आणि ट्रॅक्टरला बंदी का?

दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांना समृद्धीवर जाता येत नाही. ज्याची जमीन गेली त्यालाच रस्त्यावर जाता येत नाही, हा राग गावागावांत आहे आणि तो समजण्यासारखा आहे. खेड्यातल्या बहुतेक घरांत चारचाकी नसते, मोटारसायकलच असते.

पण कारण वेगाचं आहे. या रस्त्यावर कारला ताशी १२० आणि जड वाहनांना ८० किलोमीटरची मर्यादा आहे. तीस-चाळीसच्या वेगानं जाणारा ट्रॅक्टर आणि मागून १२० नं येणारी कार यांचा मेळ बसत नाही. मोटारसायकलवाल्याला तर बाजूनं गेलेल्या ट्रकचा वाराही फेकून देतो. कुंपण तोडून पोरं वर जातात, व्हिडिओ काढतात, हे थांबवणं घरच्यांच्याच हातात आहे. कुंपणाला पडलेलं भगदाड फक्त पोरांसाठी नसतं. त्यातून गाय, म्हैस, कुत्रं, रोही वर जातं आणि रात्री एखाद्या गाडीचा घात करतं.

एसटीचं काय?

महामार्ग सुरू झाल्यावर लगेच डिसेंबर २०२२ मध्ये एसटीनं समृद्धीवरून नागपूर-शिर्डी गाडी सोडली. लांबच्या प्रवाशाला ती कामाची. पण इंटरचेंज हे बसस्थानक नव्हे. वरून जाणारी गाडी डोणगावला थांबत नाही, सुलतानपूरला थांबत नाही, बीबीला थांबत नाही. खेड्यातल्या माणसाला, शाळेत जाणाऱ्या पोरीला, तालुक्याच्या दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्याला जुन्याच रस्त्यावरची लाल गाडी लागते.

म्हणून गावांनी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायला पाहिजे. लांब पल्ल्याच्या गाड्या वरून जायला लागल्या म्हणून खालच्या फेऱ्या कमी होता कामा नयेत. फेरी बंद झाली तर तोंडी तक्रार करून उपयोग नसतो. ग्रामसभेचा ठराव, गाडीची वेळ, रोज जाणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी हे सगळं जोडून आगारप्रमुखाकडं अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

जुन्या रस्त्यावरची दुकानं

मेहकर ते जालना या जुन्या रस्त्यावर ढाबे, पंक्चरवाले, चहाच्या टपऱ्या, गॅरेज हे लांबच्या ट्रकवर जगायचे. रात्रभर ट्रक चालायचे, रात्रभर चुली पेटलेल्या असायच्या. लांबचं वाहन वर गेलं की या लोकांचं गिऱ्हाईक वर जातं. समृद्धीवर पेट्रोल पंप आणि थांब्याच्या जागा ठरवून दिलेल्या आहेत, तिथं टपरी टाकता येत नाही.

ज्यांचं दुकान इंटरचेंजकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे ते तरले. ज्यांचं दोन इंटरचेंजच्या मध्ये आहे त्यांना गिऱ्हाईक बदलावं लागतं. ट्रकवाल्याऐवजी ट्रॅक्टरवाला, मोटारसायकलवाला, गावातला माणूस. पंक्चरबरोबर ठिबकचं साहित्य, पंपाची दुरुस्ती, मोटार वाइंडिंग अशी कामं जोडली तर दुकान गावाच्या भरवशावर चालू शकतं.

'समृद्धी टच' जमीन : आधी हे वाचा

मोबाइलवर जाहिराती येतात, समृद्धी टच प्लॉट, समृद्धीला लागून शेती. खरेदी करणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानंही एक गोष्ट समजून घ्यावी. महामार्गाला लागून असलेल्या वावरातून महामार्गावर जायला वाट नसते. मध्ये कुंपण आहे. जुन्या हायवेला लागून जमीन असली की दुकान काढता यायचं, पंप काढता यायचा. इथं लागून असण्याचा तसा काही उपयोग नाही. उपयोग आहे तो इंटरचेंजपर्यंत जाणाऱ्या चांगल्या रस्त्याचा. इंटरचेंजपासून दोन किलोमीटरवर डांबरी रस्त्याची जमीन ही, महामार्गाला अगदी चिकटून असलेल्या पण पांदण रस्त्याच्या जमिनीपेक्षा कामाची.

महामार्गासाठी सरकारनं थेट खरेदी केली तेव्हा बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत मोबदला दिला गेला. तो भाव रस्त्यात गेलेल्या जमिनीचा होता. उरलेल्या जमिनीला तोच भाव येईल असं नाही. हा फरक न कळल्यामुळं कोणी आलेलं गिऱ्हाईक घालवतं, तर कोणी दलालाच्या बोलण्यावर जाऊन स्वस्तात विकून बसतं.

इंटरचेंजजवळ नवनगरं म्हणजे कृषी समृद्धी केंद्रं उभारायची योजना आहे. आपल्या जिल्ह्यात मेहकर तालुक्यात साब्रा-काब्राच्या आणि सिंदखेड राजा तालुक्यात सावरगाव माळच्या परिसराचं नाव त्यासाठी घेतलं गेलं. या भागात व्यवहार करताना गट नंबर नवनगराच्या हद्दीत येतो का, हे एमएसआरडीसीकडून लेखी विचारून घ्यावं. त्याशिवाय सातबारा, फेरफार, एनएचा आदेश आणि वहिवाटीचा रस्ता नकाशावर आहे का, हे पाहावं. दस्त नोंदला म्हणजे मालकी पक्की झाली असं नसतं. नोंदणी कार्यालय दस्त नोंदवतं, जमिनीच्या हक्काची हमी देत नाही.

वावराचे दोन तुकडे, धुऱ्यावरचं पाणी

रस्ता साधारण १२० मीटर रुंदीच्या पट्ट्यात गेला. ज्यांच्या वावराच्या मधून गेला त्यांचं अर्धं वावर अलीकडं, अर्धं पलीकडं. पलीकडं जायला भुयारी मार्ग ठेवले आहेत, पण ते दर धुऱ्याला नाहीत. बैलजोडी घेऊन लांबून फेरा पडतो. विहीर एका बाजूला आणि पीक दुसऱ्या बाजूला अशीही काही ठिकाणं आहेत.

दुसरा प्रश्न पाण्याचा. भराव उंच असला की पावसाचं वाहतं पाणी अडतं आणि मोऱ्यांतूनच बाहेर पडतं. त्यामुळे जिथं पूर्वी पाणी पसरून जायचं तिथं आता एका वावरात जोरानं घुसतं आणि माती घेऊन जातं. ज्या भुयारी मार्गात पाणी साचतं तिथं शाळेची वाट बंद होते.

याची तक्रार करताना पावसातच फोटो काढावा. उन्हाळ्यात दाखवायला काही उरत नाही. फोटोत तारीख, ठिकाण दिसेल असं पाहावं. तलाठी आणि कृषी सहायकाकडून पंचनामा करून घ्यावा. अर्ज तहसीलदार आणि एमएसआरडीसी दोघांकडं द्यावा, किलोमीटरचा आकडा लिहावा. रस्त्याकडंला तो आकडा लावलेला असतो. 'आमच्या गावाजवळ' असं लिहिलेला अर्ज फिरत राहतो, किलोमीटर लिहिलेला अर्ज जागेवर पोचतो.

पिंपळखुट्याची रात्र विसरू नये

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस आदळून उलटली आणि पेटली. बस दाराच्या बाजूवर पडल्यामुळं दार खाली दबलं. पंचवीस जण गेले. आठ जण वाचले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वैजापूरजवळ जांबरगाव भागात मिनी बसच्या अपघातात बारा जण गेले. हे भाविक दर्शन करून घरी परतत होते.

सरळ, एकसारखा सिमेंटचा रस्ता, ना वळण, ना गाव, ना चहाची टपरी. अशा रस्त्यावर डोळे उघडे असतात आणि डोकं झोपी जातं. चालवणाऱ्याला कळतही नाही. त्यावर गाणी लावून किंवा तंबाखू चोळून भागत नाही. दीड-दोन तासांनी ठरलेल्या थांब्यावर उतरायचं, तोंड धुवायचं, चार पावलं चालायचं. पहाटे दोन ते पाच या वेळेत निघणं टाळलं तर उत्तम.

टायरकडंही पाहायला पाहिजे. हवा कमी असलेलं टायर वेगात जास्त दबतं, तापतं आणि फुटतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असं असेल तर ते टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. नक्षी शिल्लक दिसली तरी पाच-सहा वर्षांचं कडक झालेलं टायर घेऊन १२० नं जाऊ नये. गावातल्या गावात चाळीसनं चालणाऱ्या जुन्या गाडीला या रस्त्याची सवय नसते.

आणि वेगानं वाचतं तरी किती? साठ किलोमीटरला १२० च्या वेगानं तीस मिनिटं लागतात, १०० च्या वेगानं छत्तीस. फरक सहा मिनिटांचा.

अपघात दिसला तर

महामार्गालगतच्या गावांतले लोकच बऱ्याचदा सगळ्यात आधी पोचतात. त्यांनी घाबरू नये. मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४ अ नुसार जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हेही त्याच्या मर्जीवर. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी आणि ११२ ला पोलिसांसाठी फोन करावा. कुठल्या बाजूला, नागपूरकडं की मुंबईकडं जाणाऱ्या, आणि कोणता किलोमीटर, एवढं सांगितलं की गाडी भरकटत नाही. हे सांगितलं नाही तर रुग्णवाहिका उलट्या बाजूला जाते आणि वळायला पुढचं इंटरचेंज गाठावं लागतं.

मे २०२५ पासून केंद्राची रस्ते अपघातग्रस्तांसाठीची रोकडविरहित उपचार योजना लागू आहे. ठरवलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार त्यात येतो. पैसे नाहीत म्हणून जखमीला घरी नेऊ नये.

थोडक्यात, भिंतीवर लावून ठेवण्यासारखं

- खामगाव, चिखली, डोणगाव, जानेफळ आणि नागपूरकडून लोणार : मेहकर.
- बीबी, किनगाव राजा आणि मुंबई-संभाजीनगरकडून लोणार : दुसरबीड.
- देऊळगाव राजा, मेहुणा राजा, खडकपूर्णा, जिजाऊ जन्मस्थळ : सिंदखेड राजा.
- निघण्याआधी फास्टॅगचं बॅलन्स, टायरची हवा आणि डिझेल पाहावं. पंप प्रत्येक इंटरचेंजवर नसतो.
- इंटरचेंज हुकलं तर पुढं जावं, मागं येऊ नये.
- रस्त्यावर थांबून फोटो नको, डबा नको, लघवीला उतरणं नको.
- तक्रार करताना किलोमीटर लिहावा, पोच घ्यावी.

रस्ता आता इथून हलणार नाही. ज्या गावाला आपलं इंटरचेंज, आपला भुयारी मार्ग आणि आपली एसटीची फेरी कोणती हे नीट माहीत असेल, त्या गावाला त्यातून काही मिळवता येईल. बाकीच्यांच्या वाट्याला गाड्यांचा आवाज तेवढा येईल.